अटकपूर्व जामीन आणि 62 ग्रॅम

महोदय,

मंगळवारच्या अग्रलेखात आपण अटकपूर्व जामिनाची बाजू घेतलीत. निरपराध माणसाला अटकेपासून संरक्षण हवं, हे मला मान्य आहे. पण अमली पदार्थांच्या खटल्यात हे संरक्षण कुणाच्या पदरात पडतं, ते मी माझ्या घरात पाहिलं आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा 22 वर्षांचा. त्याच्या स्कूटरच्या डिकीत 62 ग्रॅम एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ, सापडलं. एमडी 50 ग्रॅमच्या पुढे गेलं की ते व्यावसायिक प्रमाण. मग अमली पदार्थविरोधी कायद्याचं (एनडीपीएस) कलम 37 लागतं: आरोपी निर्दोष असावा असं मानायला सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी कोर्टाची खात्री पटली तरच जामीन. शिक्षा किमान 10 वर्षं. वरच्या 12 ग्रॅमपायी पोरगं 15 महिने आत आहे. पहिल्या भेटीला बहिणीने नेलेला पायजमा नाडीमुळे परत आला. तिने तिथेच फाटकाबाहेर बसून नाडी ओढून काढली, तरी त्या दिवशी तो आत गेला नाही. आता ती प्रत्येक पायजम्याला घरूनच इलॅस्टिक घालून नेते.

भाच्याला सोडा, असं मी म्हणत नाही. त्याने पुडकं नेलं, त्याची शिक्षा त्याने भोगावी. पण ते पुडकं ज्याने हातात दिलं, त्याला आठवड्याभरात अटकपूर्व जामीन मिळाला. कारण काय, तर त्याच्याकडे काही सापडलं नाही आणि नाव फक्त सहआरोपीच्या जबाबात आहे. माल दुसऱ्याच्या डिकीतून फिरवणाऱ्याकडे तो सापडणार कसा? आमचे वकील सांगतात, हा गृहस्थ चौकशीला आला तो नवाकोरा मोबाईल घेऊन. जुना म्हणे हरवला. गणपतीत आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर त्याचा हात जोडलेला फोटो होता आणि बहीण त्याखालून भाजी आणायला जात होती.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, आणि 2020 च्या तूफान सिंग निकालाने अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांनाही तोच नियम लावला, हे अग्रलेखात आलं. ते योग्यच आहे. पण 2022 मध्ये हरियाणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर दिलेला अटकपूर्व जामीन रद्द केला आणि तूफान सिंग निकालाचा फायदा नियमित जामिनाच्या किंवा अंतिम सुनावणीच्या वेळी मागता येईल, असं सांगितलं. ते आपण का लिहिलं नाहीत? सप्टेंबर 2024 मध्ये पश्चिम बंगालच्या प्रकरणात, एनडीपीएसमध्ये अटकपूर्व जामीन ही कधी न ऐकलेली गोष्ट आहे, असं त्याच न्यायालयाने म्हटलं. तेही राहिलं. कॉल, बँकेचे व्यवहार, माल कुठून आला हे सगळं पहिल्या काही दिवसांतच हाती लागतं. माल देणाऱ्याला तेवढे दिवस मिळाले की धागे तुटतात आणि आत उरतो तो फक्त डिकीवाला.

आणखी एक. भाच्याला पकडलं तेव्हा आपण पहिल्या पानावर फोटोसह ‘लाखोंचे एमडी जप्त’ छापलंत. त्या माणसाच्या जामिनाच्या आतल्या पानावर तीन ओळी आल्या. कायदा किंमत बघत नाही, वजन बघतो. यापुढे बातमीत वजन छापत जा. 62 ग्रॅम हा आकडा आपल्या बातमीत कुठेच नव्हता. माझ्या बहिणीला तो वकिलांकडून कळला, आणि तोवर ती मुलगा चार दिवसांत घरी येईल म्हणून त्याची खोली आवरत होती.

– एक वाचक, नाशिकरोड
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)