कामगार मंत्र्यांना खुले पत्र: साडेसहानंतर आम्ही ऑफिसात नसतोच!

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

आपला व्याप मोठा आहे हे जाणतो, तरी पाच मिनिटं द्यावीत. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये मी काम करतो. ओव्हरटाइम मिळत नाही अशी लेखी तक्रार आपल्या खात्याकडे केली आणि नाव गुप्त ठेवा, अशी विनंतीही केली. गेल्या सोमवारी एचआरनं केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझ्याच तक्रारीची झेरॉक्स, सहीसकट! दुसऱ्या दिवशी खात्याचा मेसेज आला: आस्थापनेशी संपर्क साधला, मोबदला नियमानुसार देत असल्याचे त्यांनी कळविले, तक्रार निकाली. चोराला विचारलं, तो नाही म्हणाला, पंचनामा पूर्ण.

आमच्याकडे अंगठ्याचं मशीन आहे. सकाळी दहा मिनिटं उशीर झाला की लेट मार्क, तीन लेट मार्कांना अर्धा दिवस कापला. एवढं चोख मशीन संध्याकाळी मात्र आंधळं होतं. कितीही वाजता अंगठा लावा, महिन्याच्या शीटवर आउट टाइम साडेसहाच. 11 तारखेला एक जीएसटी रिटर्न, 20 ला दुसरं, मग महिनाअखेर. मार्चचं तर विचारूच नका. रात्री उशिराची कल्याण लोकल पकडून घरी पोचतो तेव्हा मुलगी झोपलेली असते. ॲसिडिटीनं हैराण आहे. वेळेवर जेवा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. ती चिठ्ठी एचआरला दाखवली, तर त्यांनी मला टाइम मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगला बसवलं, तेही सुट्टीच्या शनिवारी.

2017 चा दुकाने व आस्थापना अधिनियम मी वाचलाय. दिवसाला नऊ तास, आठवड्याला 48, त्यावर दुप्पट दर. पण व्यवस्थापकीय पदं त्यातून वगळलेली. म्हणून आम्हा क्लार्क मंडळींचं एका रात्रीत 'असिस्टंट मॅनेजर' असं बारसं झालं. पगार तोच, हाताखाली कुणी नाही. व्हाउचर आम्हीच फाडायचे, पंचिंगही आम्हीच करायचं. आणि नेमणूकपत्रात एक ओळ असतेच: गरजेनुसार जादा थांबण्यास माझी हरकत नाही. नोकरी हवी असणारा माणूस त्या ओळीवर काट मारेल?

असं सगळं असताना सप्टेंबर 2025 मध्ये तुमच्या मंत्रिमंडळानं काय केलं? दिवसाचे नऊचे दहा तास, तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 125 वरून 144 तास. भागाकार करा साहेब, आठवड्याला अकरा तास होतात. 48 मध्ये मिळवा. कामगारांना जास्त कमावता येईल म्हणे! अहो, जे 125 कधी मोजलेच नाहीत, त्यांचे 144 केले काय आणि 500 केले काय! आमच्या बिल्डिंगमध्ये हजारेक माणसं असावीत. रोज एकच तास फुकट धरा, तासाला दुप्पट दरानं 200 रुपये धरा, महिन्याला पन्नास लाख होतात. हिशेब ढोबळ आहे, पण तुमच्याकडे तर तेवढाही नसेल.

2024 मध्ये पुण्यात एका बड्या कंपनीतल्या तरुण मुलीच्या मृत्यूनंतर अधिकारी तपासणीला गेले, तेव्हा ते ऑफिस 2007 पासून दुकाने-आस्थापना नोंदणीशिवायच चालू होतं असं बातम्यांत आलं. इतकी वर्षं कुणी फिरकलं नाही. पुढच्याच जानेवारीत दुसऱ्या एका कंपनीचे अध्यक्ष आठवड्याला 90 तास काम करा म्हणाले. त्यांना सरकारनं नोटीस पाठवली का? फेरीवाल्याची गाडी उचलायला मात्र पालिकेला माणसं मिळतात.

मला सरकारी नोकरी नको, भरपाईही नको. मशीनमधली खरी वेळ दर महिन्याला पगाराच्या स्लिपवर छापायला लावा. कुणाकुणाला मॅनेजर ठरवलंय ती यादी कायद्यानुसार सगळ्यांना दिसेल अशी लावायला सांगा. आणि माझी तक्रार कुणी, कशी पोचवली, याची चौकशी करा. करणार नसाल तर तसं लिहून द्या.

नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती 1890 साली, इंग्रजांच्या राज्यात. या रविवारी आम्हाला स्टॉक ऑडिटला बोलावलंय. मशीन बंद ठेवणार आहेत.

आपला,
एक असिस्टंट मॅनेजर, ठाणे