पारावरचा मंडप आणि तुझी होजिअरी

चोपडा

प्रिय बापू,

गणपतीनंतर ना पत्र ना फोन, रागावला असशील. इकडे सगळे बरे, आईचा गुडघा तसाच.

पारावरच्या मंडपावरून डोकं फिरलंय. मी काढलेला दोन्हीकडे वळणारा स्लॅब बघून मिस्त्री म्हणे, "भाऊ, माल राहू द्या, सेंट्रिंगच, म्हणजे ओतायचा साचाच, परवडणार नाही. खोलल्यावर फळ्या चुलीत जातील." खरंय त्याचं. वळणावर लोखंडी पाट्या बसत नाहीत, एकेक फळी तासावी लागते. अण्णा म्हणतात, सपाट टाका अन् मोकळे व्हा. हॉस्टेलवर तूही हेच म्हणायचास, आणि वर अबोला धरायचास!

पण भो, उत्तर तुझ्याच धंद्यात आहे. 2018 मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठवाल्यांनी आर्किटेक्ट झहा हदीद यांच्या ऑफिसबरोबर मेक्सिको सिटीत 'निटकॅन्डेला' नावाचं काँक्रीटचं कवच उभारलं. साचा म्हणून चक्क मशीनवर विणलेलं कापड! 36 तासांत विणून झालं, वजन 25 किलो, बॅगांत भरून विमानाने नेलं. टाके कमी-जास्त करून वळण विणतानाच आणलेलं, तारा ओवायच्या नळ्यासुद्धा विणलेल्या. तारांच्या जाळीसकट कापड ताणलं, दोन पदरांमध्ये फुगे भरले, वर सिमेंटचा पातळ थर दिला. तो घट्ट झाल्यावर काँक्रीट, जवळपास 5 टन.

माझा जीव अडकलाय त्या पातळ थरात. आपल्याकडे मे महिन्यात 45 अंश, त्यात झळा. काही मिलिमीटर सिमेंटमध्ये पाणी टिकणार किती? घट्ट व्हायच्या आधीच उडालं तर हाताला भुकटी लागेल. ओलं गोणपाट अंथरावं, तर त्याच्या भाराने कापड लोंबेल, आणि कवचाची सगळी ताकद आकारात. तू विकतोस त्या बनियनसारखं लोंबलं तर मंडप गेलाच समज. रात्री थर देऊन पहाटेपर्यंत पंपाने नुसता फवारा मारत राहिलं तर? की सरळ श्रावण उलटू द्यावा? अण्णा तोवर थांबायचे नाहीत.

सूत घ्यावं की पॉलिस्टर, हे तूच सांग. थर घट्ट होईपर्यंत ताण धरला की कापडाचं काम झालं. मला मात्र ओलं झाल्यावर कोण किती ताणतं ते हवंय, आडवं आणि उभं, वेगवेगळं.

वहिनींची बदली झाली का? पोरीला आशीर्वाद.

दोन्हींचे चार-चार हात तुकडे कुरियरने पाठव, जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) लिहून. उन्हं तापायच्या आत परसात चौकट ठोकून एक छोटं कवच करून बघतो.

तुझा,
दिन्या