तासापलीकडची वाडी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मी दापोलीकडे प्रशिक्षणाला जाणार म्हटल्यावर "डोंगरात हिंडायला एमबीबीएस कशाला करावे लागते?" असे तुम्ही विचारले होते. त्या वेळी मी हसून फोन ठेवला, पण प्रश्न मनात राहिला.

ज्या वाइल्डरनेस मेडिसिनचे, म्हणजे दवाखान्यापासून दूर रानावनात करायच्या उपचारांचे, प्रशिक्षण मी घेतले, त्याची अमेरिकेतील संस्था 1983 साली स्थापन झाली, आणि तेथील पुष्कळ वैद्यकीय विद्यार्थी हा विषय ऐच्छिक म्हणून शिकतात. हिमशिखरे, दोरखंड, तंबू असेच चित्र माझ्याही डोळ्यांसमोर होते. पहिल्याच सकाळी सरांनी सांगितले की, ज्या ठिकाणाहून रुग्णाला पूर्ण उपचारांपर्यंत पोहोचवायला साधारण तासाहून अधिक वेळ लागतो, ते ठिकाण या शास्त्राच्या कक्षेत येते. आषाढात साकव पाण्याखाली जातो, खाडीतली होडी बंद होते आणि रिक्षा खिंडीच्या अलीकडेच थांबते, हे आठवले आणि आपण बारावीपर्यंत याच कक्षेत राहत होतो, हे माझ्या ध्यानात आले.

सर्वाधिक वेळ सर्पदंशाला दिला गेला, आणि ते योग्यच होते. धाकट्या काकांना गडग्याजवळ गवत कापताना फुरसे चावले, तेव्हा तुम्ही त्यांच्या पोटरीला सुंभ आवळून बांधले होते आणि त्यांना खिंडीपर्यंत चालवत नेले होते. तुमचा दोष नाही. सगळा गाव तेच करत असे. परंतु फुरशाचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट करते व दंशाच्या जागेचे मांसही कुजवते, आणि आवळलेल्या दोरीने रक्तपुरवठा तुटून ते नुकसान वाढते. काकांचे बोट का गेले असावे, याचा उलगडा मला तेथे बसल्या बसल्या झाला, आणि नंतर बराच वेळ सर काय सांगत होते ते मला ऐकू आले नाही. पाय मोडला असता तर जसा आधार दिला असता तसा देऊन तो स्थिर ठेवायचा, जोडवी-पैंजण काढायचे, चालू द्यायचे नाही, आणि सर्पविषावरील लस असेल तेथे न्यायचे, एवढेच बाहेर करता येते. पुढे दवाखान्यात कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त 20 मिनिटे न हलवता ठेवतात व मग नळी कलती करून पाहतात. रक्त पातळच राहिले तर विष भिनले आहे असे समजतात. इतकी साधी तपासणी वाडीतल्या उपकेंद्रातही होऊ शकेल, हे मला विशेष वाटले.

विंचवाच्या धड्यात महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांविषयी सांगितले. लाल विंचवाच्या दंशाने फुप्फुसांत पाणी होऊन माणसे दगावत असताना, रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यांनी याच कोकणातल्या रुग्णांवर वापरून दाखवले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आई, किनाऱ्यावरच्या दिवशी मात्र मला तुझ्या सासूबाईंची आठवण झाली. पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला की आजी घमेल्यात कढत पाणी घेऊन पाय बुडवून बसवत असे. आम्हाला तेच शिकवले: सोसवेल इतके, सुमारे 45 अंशांचे पाणी, अर्धा ते दीड तास. फक्त पाण्याचा अंदाज दुखऱ्या पायाने घ्यायचा नाही, कारण वेदनेत चटका कळत नाही. बुडालेल्या माणसाचे पोट दाबून पाणी काढण्यात मात्र वेळ घालवू नये. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे.

शेवटच्या दिवशी आम्ही दोर आणि जाकिटे बांधून स्ट्रेचर केले. वाटाड्या म्हणून आलेल्या धनगरवाड्यातल्या दोघांनी ते पाहिले, काही बोलले नाहीत, आणि बांबूला घोंगडी बांधून आमच्यातल्या एकाला डोलीतून चढावर आमच्या आधी नेऊन ठेवले. मोडलेल्या हाताला आधार म्हणून त्यांनी पोफळीची ओली विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचे रुंद आवरण, सुचवली. ती हाताच्या आकाराला बरोबर वळते. आमची घडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी विकत आणावी लागते, आणि विरी आपल्या वाडीत पायाखाली पडलेली असते.

न्हाणीघराला टेकून रचलेली लाकडे पावसाआधी पलीकडे हलवावीत, रात्री परसात जाताना दोघांनीही विजेरी न्यावी, आणि 108 हा क्रमांक फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. मांगरात आजोबांच्या वेळचा डोलीचा दांडा आहे, तो सरपणात जाऊ देऊ नये. चतुर्थीला मी आले की त्याला वाळवी लागली आहे का, ते पाहीन.

तुमची,
मुग्धा