हिरव्या तोंडाची बाई

पंचवटी, नाशिक
श्रावण, रविवारची रात्र

प्रिय बाळ्या,

फोनवर तू विचारलंस, चित्र झालं का? मी ‘होतंय’ म्हणालो. खरं म्हणजे अडलंय.

पौषात निफाडकडच्या यात्रेत आपण कुडकुडत तमाशा पाहिला, तोच तैलरंगात घेतलाय. आपल्या नाशकात चित्र म्हणजे जलरंग, सकाळचं ऊन आणि रामकुंड. शिवाजी तुपे सरांनी गोदाघाट असा रंगवून ठेवलाय की पुढचे सगळे तिथेच मांडी ठोकून बसले. मीही त्यातलाच. पण पाण्यात मला रात्र कधी साधली नाही.

आधी काळा रंग ट्यूबमधून सरळ थापला, तो गाढवपणा. काळ्याला जवसाचं तेल जास्त लागतं, त्यात ही दमट हवा. बारा दिवसांनीही बोटाला येत होता. सगळा खरवडला. आता अंधार अंबर (मातकट तपकिरी) नि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून करतोय.

घोडं अडलंय उजव्या कडेला. कनातीशी तंबाखू मळत उभी होती ना एक बाई, पाळीची वाट बघत? तिला तिथे घेतलीय. खालून हॅलोजन, हनुवटी आणि नाकपुड्या लख्ख, डोळे खड्ड्यात. तोंड हिरवं उतरलंय. आमची ही म्हणाली, “कावीळ झालीय का हिला?” एका गॅलरीवाल्यानं तर सल्लाच दिला: ही पट्टी कापा, मधली लावणी लगेच जाईल.

फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकनं १८९२ ते १८९५ च्या दरम्यान पॅरिसच्या मुलँ रूज या नाचगाण्याच्या अड्ड्यावरची रात्र रंगवली, त्यातही उजव्या कडेला असाच खालून उजळलेला हिरवा चेहरा आहे. ती बाजूही कधीतरी कापली गेली होती, आणि १९१४ पर्यंत परत जोडली गेली. आता चित्र शिकागोला आहे. मागे लोत्रेक स्वतःही दिसतो, नात्यातल्या ताडमाड भावाशेजारी एवढासा. ती बाई नसली तर उरतं काय? टेबलाशी बसलेली पाच माणसं, बस.

आपणही मागच्या रांगेत आहोत हं. तुझ्या माकडटोपीचा नुसता एक ठिपका आहे, रागावू नकोस.

आता कामाचं. तिनं नऊवारीवर पुरुषी स्वेटर घातला होता. मला मरून आठवतो, पण त्या उजेडात तपकिरीही असेल. हिरव्या तोंडाखाली दोन्ही रंग लावून पाहिले, दोनदा पुसले. तू जवळून गेला होतास, चहा आणायला. आठवून कळव.

तुझाच,
बंड्या