आई-बाबा, राजीनामा दिलाय

पुणे, रविवार रात्र

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू पहिल्याच वाक्याला रडली असतीस आणि बाबा, तुम्ही "बरं, बघ बाई" म्हणून फोन तिच्याकडे दिला असतात. मग नीट सांगायचं ते राहूनच गेलं असतं. म्हणून पत्र लिहितेय. दादा सामान घेऊन येतोय, त्याच्याच हाती देतेय. त्याला सगळं माहीत आहे. त्याच्यावर चिडू नका, मीच त्याला गप्प बसवलं होतं.

तर, मी नोकरी सोडली आहे. राजीनामा नोव्हेंबरातच दिला होता, नोटिशीचे तीन महिने या शुक्रवारी संपतात. पुढच्या आठवड्यात बेंगलोरला जातेय. तिथे नोकरी अजून ठरलेली नाही.

वाचायला वाईट वाटतंय, मला कळतंय. पण आधी हे ऐका: मला कोणी काढलेलं नाही. भांडण झालेलं नाही. तब्येतीला काही झालेलं नाही. आणि आई, कोणी मुलगाही नाहीये, तेव्हा तो विचार आत्ताच सोड. संक्रांतीला घरी आले तेव्हा सांगणार होते, पण तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन तोंडावर आलेलं. डोळ्यात थेंब घालायचे दिवस, त्यात डोळ्यात पाणी आणण्याची बातमी कशाला!

बाबा, तुम्ही विचाराल, हातातली सोडून कशाला? पगार वाईट नव्हता. पण इतकी वर्षं मी तीच ती सॉफ्टवेअरची देखभाल करत बसलेय. कोणीतरी कधीतरी लिहून ठेवलेलं, मी फक्त गळती थांबवायची. मला चिपच्या कामात जायचंय. रात्री फोन लवकर ठेवायचे ना मी, "झोप येतेय" म्हणून? तेव्हा त्याचाच क्लास चालायचा. काम साधारण असं: चिप कारखान्यात तयार व्हायला पाठवण्याआधी तिचं डिझाइन सगळ्या परिस्थितीत बरोबर वागतंय का, ते कॉम्प्युटरवर तपासायचं. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात पंप गाडीत चढायच्या आधी टेस्ट बेडवर चालवून बघायचे, तसंच. फरक एवढाच की पंप बिघडला तर उघडता येतो. चिप एकदा तयार झाली की चूक दुरुस्त करायला नव्याने बनवावी लागते, आणि त्यात कोट्यवधी रुपये जातात. म्हणून तपासणाऱ्या माणसांना किंमत आहे. पुण्यातही हे काम आहे, नाही असं नाही, पण बेंगलोरला सगळ्यात जास्त.

मग नोकरी लागल्यावरच का नाही गेले? हाच प्रश्न दादाचा होता. वर्षभर पुण्यात बसून तेच करत होते. फोन येतो, पाच मिनिटं बरं बोलणं होतं, मग विचारतात नोटीस किती. तीन महिने म्हटलं की "कळवतो" म्हणतात, आणि कळवत कोणी नाही. त्यांना आज माणूस लागतो, त्यातून मी या कामात नवखी. माझ्यासाठी कोण तीन महिने थांबणार? आता कोणी विचारलं तर म्हणता येईल, सोमवारपासून येते. म्हणजे आधी सोडणं हाच त्यातल्या त्यात शहाणपणा होता. गणपतीपर्यंत काही जमलं नाही तर माझं जुनं काम कुठेही मिळेल, पुण्यातच परत येईन. बाप्पासमोर बसून हिशेब देईन तुम्हाला.

बाबा, आता एक लिहिते, टोमणा समजू नका. तुम्ही वाडीची नोकरी सोडलीत तेव्हा तुमच्या हातात काय होतं? आबा तर म्हणे आठ दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. त्या वर्षी घर आईच्या पिको-फॉलवर चाललं, हे मला मावशीकडून कळलं. तुम्ही दोघांनी कधी बोलूनसुद्धा दाखवलं नाही. माझ्या आठवणीत फक्त तुम्ही नंतर काढलेलं मोटरी भरायचं (रिवाइंडिंगचं) दुकान आहे. वार्निशचा तो वास, भट्टीतून काढलेली गरम मोटर, आणि लाकडी फर्म्यावर तांब्याची तार गुंडाळताना वेढे मोजायचं माझं काम. साठ, एकसष्ट, बासष्ट. मध्येच कोणी गिऱ्हाईक यायचं, "काय गं, कितवीत आहेस?" विचारायचं आणि माझा आकडा जायचा. तुम्ही रागवायचा नाहीत. सगळी तार उलगडायचात आणि म्हणायचात, "घे, एकपासून." दुकान बंद करून घरी जाताना सायकलच्या दांड्यावर बसून माझं मोजणं चालूच असायचं, दिव्याचे खांब मोजत.

बरं. आता राहण्या-खाण्याचं, कारण आईला वरचं काही वाचायचंच नसेल.

फ्लॅट घेत नाहीये. तिथे घरमालक कित्येक महिन्यांचं भाडं अनामत मागतात, पूर्वी तर दहा-दहा महिन्यांचं मागायचे. तेवढे पैसे अडकवायला मी वेडी नाही. मारतहळ्ळीला मुलींच्या पीजीत जागा घेतलीय, एका खोलीत दोघी, 12 हजार, त्यात तिन्ही वेळचं जेवण. खोलीला खिडकी आहे, व्हिडिओवर बघितली. गरम पाणी आहे. दार रात्री दहाला बंद होतं, हे वाचून तरी बरं वाटेल तुला. सोबतची मुलगी हुबळीची आहे, शाकाहारी, तीही नोकरीच शोधतेय.

भात रोजचा असणार, पण भाकरीचं काय, हा तुझा पुढचा प्रश्न. तिथे उत्तर कर्नाटकातल्या लोकांच्या खानावळी जागोजागी आहेत. ज्वारीची भाकरी मिळते, त्याबरोबर भरलं वांगं आणि शेंगदाण्याची चटणी. आपलंच जेवण, नाव कानडी. भाषेचंही तसंच. चिकोडीच्या आजीने भाजीवाल्यांशी घासाघीस करताना शिकवलेलं कानडी माझ्या कानात अजून आहे. हिशेबापुरतं आणि भांडणापुरतं नक्की येतं.

टीव्हीवर तू बेंगलोरची पाणीटंचाई बघितली होतीस, 2024 च्या उन्हाळ्यातली. बोअर आटले होते, खरं आहे. मी पीजीत विचारून घेतलंय, त्यांच्याकडे कावेरीचं पाणी येतं. आणि आपण कुठल्या तोंडाने दुसऱ्यांच्या पाण्याला नावं ठेवायची? 2016 ला मिरजेतून लातूरला पाण्याची गाडी गेली, 2019 ला सांगलीत इतकं पाणी झालं की मावशीचं सगळं घर आपल्याकडे. एकाच नदीची दोन्ही रूपं आपण बघितलीत. हवा मात्र तिथली छान आहे. गाव नऊशे मीटर उंचीवर, मे महिन्यातसुद्धा रात्री गार होतं. फक्त ट्रॅफिकबद्दल जे ऐकलंय ते सगळं खरं आहे. एक गंमत: कर्नाटकातल्या बायकांना तिथल्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही, पण माझं आधार मिरजेचं. म्हणजे इथे एसटीत अर्धं तिकीट आणि तिथे पूर्ण!

आणि लांब लांब काय म्हणताय? राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे की. रात्री बेंगलोरला बसले की दुसऱ्या दिवशी दुपारी मिरजेत. मध्ये एकदाही उतरायला नको. पुण्याहूनसुद्धा माझा अर्धा दिवस जातोच. तुम्हीही या, थोडं ऊन ओसरलं की. पण खालचे बर्थ मिळत असतील तरच, आणि बाबा, तिकीट काढताना ज्येष्ठांची सवलत शोधत बसू नका, ती 2020 पासून बंद आहे.

आता कामाचं. हे दोनदा वाचा.

माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तुम्ही दोघं होतात, ते शुक्रवारी संपतं. घाबरू नका, आईची स्वतंत्र पॉलिसी त्याच विमा कंपनीकडून करून वर्षाचा हप्ता भरलाय. कागद दादाकडच्या निळ्या फायलीत आहेत. बाबा, तुमचीही तशीच केलीय, पण त्याशिवाय तुम्ही सत्तरी ओलांडलीय, तेव्हा आयुष्मानचं वय वंदना कार्ड तुम्हाला मिळतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. आधार कार्ड लागतं फक्त. दादा मोबाइलवर करून देईल, पाच मिनिटं चेहरा नीट समोर धरून बसा आणि "सरकारी कामाला अर्थ नाही" हे भाषण नंतर करा. यादीतल्या दवाखान्यांतच ते चालतं, म्हणून आपल्याजवळचे कुठले ते दादाकडून आत्ताच बघून फ्रिजवर चिकटवा. वेळ आल्यावर शोधायचं नाही.

आई, थेंबांच्या वेळा मी मोबाइलला गजर लावून ठेवल्यात. गजर वाजला की बंद करून पोळ्या लाटत बसायचं नाही. गॅससमोर चष्म्याशिवाय उभं राहायचं नाही. बाबा, पाण्याची टाकी बघायला शिडीवर चढणं आता पूर्ण बंद. टाकी भरली की कळेल असा सेन्सर दादा बसवणार आहे. तुम्ही आयुष्यभर मोटरी भरल्यात, तेव्हा त्याने वायरी चुकीच्या जोडल्या तर खाली उभं राहून ओरडा, वर जाऊ नका. पोलीस बोलतोय म्हणून कोणाचा व्हिडिओ कॉल आला तर कट. मी अडचणीत आहे, पैसे पाठवा असं कोणी म्हणालं तर तेही कट, आणि मला फोन. अडचणीत असले तर मी स्वतः सांगेन.

पैशाची खरंच काळजी नको. गणपतीपर्यंतचं पीजी, प्रवास, हप्ते धरून वेगळे काढलेत. घरी पाठवते ते या महिन्यापासून अर्धेच येतील, बंद होणार नाहीत. नको म्हणून परत पाठवू नका. आणि आई, ती पाटल्या मोडायची गोष्ट मनातसुद्धा आणायची नाही. तुला ओळखते म्हणून लिहितेय.

लोक विचारतील. काकूंना "बदली झाली" असं सांगावंसं वाटेल तुला, पण नको. बदली म्हटलं की पगारवाढ किती ते विचारतील, मग अजून एक खोटं. नोकरी बदलतेय म्हणायचं, तेवढं खरं आहे. कराडच्या स्थळाकडच्या मंडळींना काय सांगायचं ते तूच बघ. त्यांना या कारणाने नको असेन तर बरंच आहे की, आत्ताच कळलं. तुला वाईट वाटेल हे माहितीये. तू त्यांच्याकडे किती मनापासून बोलली होतीस तेही माहितीये.

दादासोबत कुकर, दोन गोधड्या आणि आजीचा तांब्या पाठवलाय. तुझ्या जुन्या इंदुरी साडीची गोधडी मी नेतेय, ती पाठवणार नाही. बेंगलोरची गाडी मिरजेहूनच पकडणार आहे, म्हणजे तुमच्याकडे दोन रात्री राहीन. चिडायचं असेल तर तेव्हा समोर बसून चिडा, फोनवर आणि दादावर नको. भडंग कर, डबाभर. आणि शेंगदाण्याची चटणी जरा कमी तिखट, हुबळीच्या मुलीलाही द्यायची आहे.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, दादाच्या बॅगेत एक छोटा मल्टिमीटर आहे, तो तुमच्यासाठी. जुना टाकून द्या, त्याचं वरचं आवरण फुटलंय आणि तुम्ही त्याला टेप लावून वापरताय, हे मी बघितलंय.