खडकीच्या आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

मजुरी घेतलीत साडेतीनशे रुपये आणि वर चहाही तुम्हीच पाजलात, त्यामुळे माझ्याकडून हिशेब बाकी आहे. तो चारचौघांत फेडतो, कारण बाबांच्या रायफलीसारख्या जुन्या रायफली पुण्यातल्या आणखी काही कपाटांत असणारच. त्यांच्या मालकांनाही मला मिळाला तोच सल्ला मिळत असेल: "चार भोकं पाडू, स्कोप (नेमाची दुर्बीण) बसवू, विषय संपला."

तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्याजवळ यादी होती. स्कोप, नवा पट्टा, गालाखाली गादी आणि बटला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडाला, रबरी पॅड. तुम्ही यादीकडे पाहिलंही नाहीत. "परवाना?" एवढंच म्हणालात. मग चष्मा कपाळावर सरकवून परवान्यावरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचत ताडून पाहिलात. दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानाबाहेर तुम्ही शस्त्राला हात लावत नाही, हे मला आवडलं. त्या दिवशी मात्र जरा रागच आला होता, खोटं कशाला बोलू.

रबरी पॅडवर तुम्ही हसलात. "पॉइंट टू टू ला कसला आलाय धक्का?" बरोबरच होतं. सांगाडा ली-एनफिल्डचा, थ्री-नॉट-थ्रीचा, पण रंगरूटांना नेमबाजी शिकवायला लष्कराने पॉइंट टू टू नळीची करून घेतलेली. मॅगझिनचा डबा आहे पण तो पोकळ. गोळी एकेक हाताने ठेवायची आणि रिकाम्या पुंगळ्या त्याच डब्यात गोळा होतात. बाबा त्याला 'गल्ला' म्हणत.

आता माझ्या गाढवपणाबद्दल. बट ढिलं वाटत होतं म्हणून मी घरीच पितळी झाकण उघडून लांब स्क्रूड्रायव्हर आत घातला आणि बटचा बोल्ट पिळला. 'कट्' असा आवाज आला. तुमच्यासमोर मी ते लपवलं होतं, पण तुम्ही पुढचं लाकूड उतरवलंत, त्याचं मागचं टोक उजेडात धरलंत आणि केसाएवढ्या चिरेवर नख फिरवून माझ्याकडे पाहिलंत. मग एकही वावगा शब्द न बोलता दाखवलंत: त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते फोरएंडच्या, म्हणजे या पुढच्या लाकडाच्या, मागे बसवलेल्या छोट्या पत्र्यात अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला की तो चौकोन पत्र्यालाही फिरवू बघतो, आणि लाकूड फाटतं. "आधी फोरएंड, मग बट. आमच्याकडं पोराला पहिल्या आठवड्यात शिकवायचे." चिरेत सरस भरून, क्लॅम्प लावून लाकूड दोन दिवस ठेवलंत. आज चीर शोधावी लागते.

स्कोपचा हट्ट मी सोडत नव्हतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी नेम धरायच्या मागच्या साइटची खाच धूसर दिसते, मी तरी काय करणार? तेव्हा तुम्ही टेबलावरचं विजेचं बिल घेतलंत, त्याला सुईने भोक पाडलंत आणि म्हणालात, चष्मा काढा, यातून समोरचं कालनिर्णय वाचा. एकादशी, प्रदोष, सगळं वाचता आलं! बारीक भोकातून जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, आणि भोकाकडे स्वतंत्र नजर लावावी लागत नाही. डोळा आपोआप मध्यावर जातो. चाळीस वर्षं चष्मा वापरतोय, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग ड्रॉवरमधून ती पार्कर-हेलची जुनी पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची साइट, निघाली. बर्मिंगहॅमची, नेमबाजी क्लबांतल्या लोकांसाठी केलेली, बॉडीच्या (रायफलीच्या मधल्या लोखंडी भागाच्या) डाव्या अंगाला आधीपासून असलेल्या स्क्रूच्या जागी बसणारी. एकही नवं भोक नाही. स्क्रूला हात लावण्याआधी तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक दगडावर घासत बसलात, ते खाचेत काठोकाठ बसेपर्यंत. मी घड्याळ बघत होतो, तुम्ही खाच बघत होता. मी आणलेला नवा चकचकीत स्क्रू तुम्ही परत माझ्या खिशात टाकलात. एनफिल्डचे आटे वेगळे. मेट्रिक स्क्रू दोन वेढे जातो आणि तिसऱ्या वेढ्याला बॉडीचेच आटे खातो. मूळ स्क्रू तेलाच्या चिंधीत गुंडाळून बटच्या पितळी झाकणामागे ठेवलात, नळी साफ करायच्या दोरीशेजारी, पुलथ्रूशेजारी. "उद्या नातवाला साइट नको झाली तर त्यानं हा कुठं शोधायचा?"

पट्ट्याचं काम सोपं होतं. मूळ कड्या सव्वा इंची, त्यात जाईल तोच पट्टा घ्यायचा, झटपट निघणाऱ्या नव्या कड्यांसाठी लाकडाला भोक पाडायचं नाही. जुन्या बाजारात रविवारी विणलेला खाकी पट्टा मिळाला, पितळी टोकांचा. गालाची गादी मोच्याकडून करून घेतली. आत नमदा, वर चामडं, खाली नाडीने बांधायची; खिळा नाही, डिंक नाही. नेमबाजी झाली की गादी सोडून वेगळी ठेवतो. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि खालचं लाकूड, लोखंड खराब करतं, हे तुम्ही तीनदा बजावलंत. तिसऱ्यांदा तर बायकोला फोनवर.

पॉलिश पेपर तेवढा तुम्ही माझ्या हातून काढून घेतलात. लाकडावरचे शिक्के त्याने गेले असते. आता महिन्यातून एकदा जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहाताने चोळतो, घरभर वास येतो आणि बाबांची आठवण येते. ईशापूरच्या रायफल कारखान्याचा शिक्का नि मुकुट अजून तसाच ठसठशीत आहे.

परवा रेंजवर दहा गोळ्या मारल्या. आठ लक्ष्याच्या मधल्या काळ्यात, दोन कुठे गेल्या ते विचारू नका.

बटमधल्या तेलाच्या पितळी बाटलीचं झाकण अजून मिळालेलं नाही. बुधवारीही जुन्या बाजारात चक्कर मारली, दोन बाटल्या दिसल्या, दोन्ही बिनझाकणाच्या. मिळालं की घेऊन येतो. त्या दिवशीचा चहा माझ्याकडून.

तुमचा,
विजेच्या बिलाला भोक पाडून घेतलेला