कोलकात्यात जेवले ते

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर आईने "नीट जेवतेस ना?" विचारलं आणि मी नुसतं "हो गं" म्हणून ठेवला, कारण समोर क्लायंटची माणसं फायली घेऊन ताटकळत होती. आईचं तेवढ्यावर भागलं असेल, पण बाबांचं भागणार नाही. त्यांना कुठे, काय, कितीला आणि मासा कुठला हे सगळं हवं असतं. म्हणून हे पत्र.

ऑडिटच्या कामाला आलं की हाताशी मोजकीच जेवणं असतात. सकाळचा नाश्ता हॉटेलवर, खोलीभाड्यातच धरलेला. तिथे सगळ्या शहरांत मिळते तीच इडली आणि तोच ब्रेड. उरलं दुपारचं आणि रात्रीचं. बरोबरचा मुलगा फोनवरचे तारे बघून पार्क स्ट्रीटला जाऊ म्हणत होता. पार्क स्ट्रीट वाईट नाही, मोकॅम्बो, पीटर कॅट ही जुनी नावाजलेली ठिकाणं आहेत, पण तिथे जायचं ते वाढदिवसाला. मला रोजचं जेवण हवं होतं. नवख्या गावात "चांगलं कुठे मिळतं?" असं विचारलं की लोक पाहुण्यांना न्यायची जागा सांगतात. म्हणून मी रेकॉर्ड रूम सांभाळणाऱ्या काकांना विचारलं, "डबा नाही आणला की तुम्ही कुठे जेवता?" त्यांनी लगेच दोन नावं सांगितली.

पहिलं डेकर्स लेन. ऑफिस डलहौसीत, म्हणजे आताच्या बिनय-बादल-दिनेश बागेजवळ, आणि गल्ली तिथून चालत जाण्यासारखी. पाटीवर नाव जेम्स हिकी सरणी, पण तसं कुणीच म्हणत नाही. दुपारी तिथे अख्खा ऑफिसपाडा, म्हणजे आजूबाजूच्या कचेऱ्यांचा सगळा भाग, उभ्याने जेवतो. चित्तोबाबूंच्या दुकानातलं स्टू आणि टोस्ट खाल्लं. पातळ, मिरपुडीचं, पपई-गाजराचे तुकडे घातलेलं चिकन स्टू. आजारी माणसाला द्यावं इतकं सौम्य, आणि वाफाळतं. आई, गरम ते खा, कापलेली फळं आणि उघडं पाणी नको, ही तुझी आज्ञा मी इथेही पाळते आहे.

दुसरं नाव न्यू मार्केटजवळच्या सिद्धेश्वरी आश्रमाचं. नाव आश्रमाचं असलं तरी ही खाणावळ, आणि तीही माशांची. इथे अशांना पाइस होटेल म्हणतात. एकेकाळी पैशा-दोन पैशांत पोट भरायचं म्हणून. कॉलेज स्ट्रीटजवळ असंच एक आहे, पूर्वी नुसतं 'हिंदू हॉटेल' होतं, 1947 नंतर त्याचं 'स्वाधीन भारत हिंदू होटेल' झालं. नेताजी तिथे जेवायचे असं सांगतात. बाबा, तुमच्यासाठी तिथेही जायचं होतं, पण काम लांबलं.

या खाणावळींत थाळी नसते. फळ्यावर त्या दिवशीचे मासे लिहिलेले, संपला की नाव पुसायचं. प्रत्येक गोष्टीचे पैसे वेगळे: भात वेगळा, डाळ वेगळी, लिंबू वेगळं, केळीच्या पानाचेसुद्धा वेगळे! आधी मला हे चिक्कूपणाचं वाटलं, पण ज्याच्या खिशात कमी आहे तो डाळ-भात आणि एक भाजी घेऊन उठू शकतो, त्याला कुणी अख्खी थाळी गळ्यात मारत नाही. उठताना वाढपी सगळं तोंडपाठ गल्ल्याकडे ओरडून सांगतो, कागद नाही, पेन्सिल नाही.

टेबलं सगळ्यांची मिळून. एकटी बाई मी एवढीच होते, पण कुणी वळून पाहिलं नाही. सगळ्यांचं लक्ष आपापल्या पानात. समोर एक म्हातारे गृहस्थ इलिश, म्हणजे हिलसा मासा, खात होते. इलिशला केसांसारखे काटे असतात. हे घास तोंडात घ्यायचे, दोन-चार वेळा जीभ फिरवायचे आणि काटे ओठांतून काढून पानाच्या कडेला रांगेने लावून ठेवायचे. बोलणं चालूच. मला विचारलं, कुठून आलात? रत्नागिरी म्हटल्यावर म्हणाले, मग तुम्हाला मासा शिकवायला नको.

इथे आता तुमचा मुद्दा येतो, बाबा. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो, म्हणून तुम्ही आयुष्यभर नाक मुरडलंत. मी आधी पाबदा घेतला, गोड्या पाण्यातलाच मासा. कलौंजी आणि हिरव्या मिरचीचा पातळ झोल, म्हणजे रस्सा, मासा लोण्यासारखा, वासबीस काही नाही. मग इलिश, मोहरी वाटून केलेला. मोहरीच्या तेलाचा झणका पहिल्या घासाला नाकात जातो, दुसऱ्या घासापासून आवडायला लागतो. आणि इलिश तर समुद्रातला, अंडी घालायला पावसाळ्यात नदीत चढतो, म्हणजे तुमच्या नियमात अडकत नाही. तिकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, बोटी वर ओढलेल्या, तुम्ही सुक्या जवळ्यावर दिवस काढताय, आणि ही कार्टी इथे ताजा मासा खाते आहे, हे वाचून राग येईल. येऊ दे.

कोळंबीची मलाई करीही घेतली, नारळाच्या दुधातली. चांगली होती, पण गोडसर. आईच्या कालवणाला कोकमाचा जो आंबटपणा असतो तो इथे कशातच नाही. आंबट येतं ते शेवटी चटणीत, आणि तीही गोडच. सुरुवात मात्र कडूने, शुक्तो म्हणून कारल्याची मिसळीची भाजी. आपल्याकडे कारलं ताटात एका कोपऱ्यात टाळत बसता येतं, इथे ते संपल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

आषाढी एकादशी इथेच आली. साबुदाणा शोधत बसले नाही. बऊबाजारला भीमचंद्र नाग म्हणून संदेशचं जुनं दुकान आहे, आत बंगाली आकड्यांचं कुक अँड केल्वी कंपनीचं घड्याळ लावलंय. तिथून संदेश घेतला, बरोबर केळी आणि दही, त्यावर दिवस काढला. आई, छेना म्हणजे नासवलेलं दूध, ते उपासाला चालतं का? मी चालतं असं धरलं. तू शेजारच्या काकूंना विचारणार हे माहीत आहे, विचार, पण उत्तर "नाही" असं आलं तर मला कळवू नकोस.

तुमच्यासाठी कासुंदीची बाटली घेतली आहे, मोहरीची असते, तळलेल्या माशाबरोबर लावून खायची. बंदी उठेपर्यंत फोडू नका.

तुमची,
सई